इंदुताईंनी सांगितलेला आकडा

मी बीपीचं मशीन बोलतोय. बटण दाबलं की गुरगुरणारं ते प्लास्टिकचं नव्हे हो. मी जुना, पाऱ्याचा. करडी लोखंडी पेटी, आत काचेची नळी, दंडाला गुंडाळायचा कापडी पट्टा आणि हातानं दाबायचा रबरी फुगा. झाकणाची बिजागरी आता करकरते, पण पारा शून्यावर यायचा तो शून्यावरच येतो. फुशारकी मारत नाही, तपासून पाहा.

आधीच सांगून ठेवतो, माझी गोष्ट हसण्यासारखी नाही. मध्ये कुठं हसू आलं तर हसा, मला राग नाही. पण शेवटी माझ्यावर चिडू नका.

माझा जन्म अंबाल्याच्या एका कारखान्यात झाला. गवतात गुंडाळून, खोक्यात बसून मी नागपूरला आलो आणि धंतोलीतल्या एका सर्जिकलच्या दुकानात सहा महिने फळीवर धूळ खात पडलो. एकोणनव्वद साली एक सिस्टर आल्या. पांढरी साडी, हातात छत्री, चालणं भराभर. त्यांनी तीन मशीनं काढायला लावली आणि तिन्हींचा पट्टा दुकानदाराच्याच दंडाला बांधून पाहिला. दुकानदार म्हणाला, "सिस्टर, मलेच पेशंट करता का?" त्या म्हणाल्या, "तुमचं थोडं जास्त हाये. मीठ कमी करा." आणि मला घेऊन निघाल्या. त्या इंदुताई.

इंदुताई एका खाजगी प्रसूतिगृहात सिस्टर होत्या. दवाखान्यात मशीन होतं, तरी त्यांना स्वतःचं हवं होतं. का, ते मला नंतर कळलं. हिंगणा रोडवर, एमआयडीसीच्या अलीकडे त्यांचं घर. रविवार सकाळ झाली की ओसरीवर माणसं यायची. कंपनीतले कामगार, त्यांच्या बायका, शेजारच्या जयवंताबाई. इंदुताई मला पाटावर ठेवायच्या, कानात नळ्या घालायच्या, फुगा दाबायच्या. सगळे गप्प. पारा चढायचा, मग हळूहळू उतरायचा. पहिला ठोका ऐकू आला तो वरचा आकडा, ठोका थांबला तो खालचा. इंदुताई आकडा सांगायच्या आणि समोरचा माणूस मान हलवून घरी जायचा. "इंदुताईनं सांगतलं म्हणजे झालं," असं ओसरीवर बोललं जायचं, आणि ते ऐकून मीही फुगायचो.

आता नमुने सांगू का लोकांचे? बीपी मोजायला येताना निम्मे लोक धावत येतात आणि मग म्हणतात जास्त काहून आलं. बायका पट्टा बांधताना श्वास रोखून धरतात. एक काका दरवेळी म्हणायचे, "ताई, जरा कमी लिहा ना." इंदुताई म्हणायच्या, "लिहून कमी झालं असतं तं म्या साऱ्या नागपूरचं कमी केलं असतं." सगळे हसायचे. दिवस चांगले होते ते.

इंदुताईंचे यजमान मनोहरराव लवकर वारले. एकच मुलगी, हर्षा. तिचं लग्न खापा गावात झालं. लग्नानंतर वर्षभरात तिचं एक पोट पडलं, आणि तेव्हाच कळलं की तिला थायरॉइड आहे. म्हणजे गळ्यातली ती ग्रंथी पुरेसा रस बनवत नाही. डॉक्टरांनी रोज एक बारीक गोळी दिली. सकाळी, उपाशीपोटी.

दोन हजार चार साली हर्षाला पुन्हा दिवस राहिले. सासूनं चांगुलपणानं सांगितलं, जा माहेरी, तुझी आई सिस्टर आहे, तिच्या नजरेखाली राहा. दुसऱ्याच महिन्यात हर्षा बॅग घेऊन हिंगणा रोडला आली. इंदुताईंना किती आनंद झाला म्हणून सांगू! आणि भीतीही तेवढीच. हे पोट काही झालं तरी टिकवायचं, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

आता ऐका, चूक कशी झाली ती. मी तिथंच होतो, टेबलावर, उघडा.

इंदुताईंची वॉर्डातली पद्धत अशी: प्रत्येक बाईच्या सगळ्या गोळ्या एका वाटीत काढायच्या, तिच्या खाटेशी उभं राहायचं, आणि आपल्या डोळ्यांसमोर गिळायला लावायच्या. बायका गोळ्या उशीखाली लपवतात, हे त्यांना पक्कं ठाऊक. घरीही त्यांनी तेच चालवलं. साडेसातला ड्यूटीवर निघायच्या आधी वाटीत थायरॉइडची गोळी, रक्तवाढीची लोहाची गोळी, कॅल्शियमची गोळी, आणि शेजारी कोमट दुधाचा ग्लास.

हर्षा म्हणाली, "आई, हे गळ्याची गोळी डॉक्टरनं उपाशीपोटी सांगतली हाये."

"मंग? काही खाल्लं का तुनं? उपाशीच तं हायेस."

"दूध हाये ना वं."

"दूध म्हणजे का जेवण हाये? नुसत्या पाण्यानं तुले मळमळते. घे चुपचाप, मले उशीर होऊन राहिला."

आणि हर्षानं घेतली. आईच्या हातची, एवढ्या अनुभवी सिस्टरच्या हातची. रोज, एकही दिवस न चुकता.

मी यंत्र आहे, मला औषधातलं काय कळणार. पण नंतर जे ऐकलं ते सांगतो. ती थायरॉइडची गोळी मोठी लाजाळू असते. पोटात लोह असलं, कॅल्शियम असलं, दूध असलं, की ती त्यांनाच चिकटून बसते आणि अंगात उतरतच नाही. पाण्यासोबत एकटी घ्यायची आणि बाकीच्या गोळ्या चार तासांनी. इंदुताईंना हे कोणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या शिक्षणात ते नव्हतं. वॉर्डात बाईला गोळी मिळाली की नाही एवढंच पाहायचे, कशासोबत मिळाली ते कोण पाहतो?

दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी एकदा विचारलं होतं, "हर्षाची थायरॉइडची तपासणी पुन्हा करायची का?" इंदुताई म्हणाल्या, "मॅडम, गोळी मी सोता देतो. एक दिवस चुकत नाही." त्यांच्या शब्दावर कोण शंका घेणार? तपासणी पुढं ढकलली गेली.

आणि मी? मला तर रोज दोनदा बाहेर काढायचे. गरोदर बाईचं बीपी चढलं तर काय होतं, हे इंदुताईंनी डोळ्यांनी पाहिलेलं. म्हणून त्यांचं सगळं लक्ष माझ्या पाऱ्यावर. एकशे दहा, सत्तर. छान. एकशे बारा, बहात्तर. छान. पोरगी दिवसभर पेंगायची, तोंड सुजायचं, आवाज घोगरा झाला, मे महिन्यात नागपूरच्या उन्हात म्हणायची, "आई, पंखा बंद कर ना, थंडी वाजून राहिली." इंदुताई म्हणायच्या, "पोटुशी बाईचं असंच राहते." मला आजही वाटतं, तेव्हा मी कपाटात बंद असतो तर बरं झालं असतं. माझा आकडा चांगला म्हणून सगळंच चांगलं, असं त्या धरून चालल्या.

आठव्या महिन्यात मॅडमनी तपासणी केलीच. रिपोर्टमध्ये थायरॉइडचा रस फारच कमी निघाला. गोळीचा डोस दुप्पट झाला. कारण काही कोणाला कळलं नाही, आणि वाटी तशीच चालू राहिली.

पोरगा झाला. अडीच किलोचा, गोरा, रडका. नाव जितेंद्र, पण सगळे जितूच म्हणायचे. इंदुताईंनी त्याला हातात घेतलं आणि ओक्साबोक्शी रडल्या. टिकलं एकदाचं! मलाही फार बरं वाटलं हो.

जितू खाप्यात वाढला. कन्हान नदीत पोहायला शिकला. सुट्टीत आजीकडं आला की त्याचा पहिला धंदा म्हणजे मी. माझा फुगा फसाफस दाबायचा, पारा वर पळाला की टाळ्या वाजवायचा. इंदुताई ओरडायच्या, "ठेव ते भैताडा, फुटलं म्हणजे पारा साऱ्या घरात पसरन!" आणि मग स्वतःच त्याला मांडीवर घेऊन दाखवायच्या, बघ असा हळू सोडायचा. त्याच्याइतका जीव मला दुसऱ्या कोणी लावला नाही, हे मात्र खरं.

दहावीनंतर तो नागपूरला आयटीआयला आला, फिटरचा कोर्स. आजीकडंच राहायचा. इंदुताई तोपर्यंत रिटायर झाल्या होत्या. सकाळी नातवाला डबा, रविवारी ओसरी. दोन हजार तेवीसला हिंगण्याच्या एका कंपनीत त्याची निवड झाली. एकोणीस वर्षांचा पोरगा. मेडिकल झालं आणि तो हसत हसत घरी आला.

"आजी, तो डॉक्टर म्हणते मले बीपी हाये! मले! सांग बरं."

इंदुताईही हसल्या. "जिना चढून गेला असशीन. बैस इथं."

पट्टा बांधला. पारा उतरू लागला आणि ठोका एकशे छप्पन्नलाच सुरू झाला. थांबला एकशे दोनला. इंदुताईंनी पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. मग त्या जे बोलल्या ते मी आयुष्यभर विसरणार नाही: "हे मशीनच बिघडलं बाप्पा."

मी बिघडलो? त्यांनी माझा पट्टा स्वतःच्या दंडाला बांधला, एकशे अठ्ठावीस, अठ्ठ्याहत्तर. जयवंताबाईंना बोलावून मोजलं, नेहमीचाच आकडा. मी काही बिघडलेलो नव्हतो. मला राग यायला हवा होता, पण इंदुताईंचा चेहरा पाहून राग विरून गेला.

दुसऱ्या दिवशी त्या जितूला घेऊन डॉक्टर प्रेमानंदांकडे गेल्या. मलाही पिशवीतून नेलं, त्यांच्या मशीनशी ताडून पाहायला. प्रेमानंद तरुण असताना त्याच प्रसूतिगृहात शिकाऊ डॉक्टर होते, सिस्टरांना मानायचे. त्यांनी जितूच्या किडनीच्या, हृदयाच्या, रक्ताच्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या. आठवड्यानं रिपोर्ट आले. सगळं ठीक. जितूला बाहेर बसवून ते इंदुताईंशी बोलले.

"सिस्टर, एवढ्या लहान वयात बीपी आहे आणि कारण सापडत नाही, तेव्हा मी जन्माची हिस्टरी विचारतो. हर्षाला तेव्हा थायरॉइड होतं ना?"

"होतं."

"सांगतो काहून विचारलं ते. मेंदूच्या तळाशी बदामाएवढी जागा असते. गळ्यातल्या ग्रंथीनं रस किती बनवायचा, तो हुकूम तिथून सुटतो. बीपीचा आणि नाडीचा लगामही तिथंच. पण गंमत अशी, की बाळ पोटात असताना त्या जागेची घडण व्हायला तोच थायरॉइडचा रस लागतो, आणि सुरुवातीचे महिने तो फक्त आईकडून मिळतो. उंदरांवर काम झालं आहे. आईला रस कमी पडला तर पिल्लांच्या मेंदूत तिथल्या काही पेशी कमी बनल्या. आणि त्या पेशी नसल्या की बीपी चढतं." मग इंदुताईंकडे पाहून ते घाईनं म्हणाले, "उंदरांत हो, सिस्टर. माणसात असंच होतं हे कोणी सिद्ध केलेलं नाही. जितूच्या बाबांनाही बीपी आहे, त्यानंही येऊ शकतं. मी फक्त नोंद करून ठेवतो. हर्षा गोळी बरोबर घ्यायची ना? उपाशीपोटी? दूध, लोह, कॅल्शियम यांच्यासोबत नाही ना?"

मी टेबलावर होतो. इंदुताईंचा हात माझ्या झाकणावर होता. त्या म्हणाल्या, "उपाशीपोटी."

प्रेमानंदांनी लिहून घेतलं. रोज एक गोळी दिली, मीठ कमी करायला सांगितलं आणि जितूच्या पाठीवर थाप मारली. "तर्री पोहे बंद! आणि गोळी बंद करायची नाही, कितीही बरं वाटलं तरी. तुझी आजी आहे म्हणून मला चिंता नाही."

गोळी लागू पडली. दोन महिन्यांत एकशे अठ्ठावीस, ब्याऐंशी. कंपनीनं रुजू करून घेतलं. निळा युनिफॉर्म घालून जितू पहिल्या दिवशी आजीच्या पाया पडला. दर रविवारी पट्टा बांधायचा, आकडा ऐकायचा, "एकदम फर्स्ट क्लास!" म्हणून मोटरसायकलला किक मारायचा.

इथवर सगळं सावरलं होतं. इथवरच.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात आकडा चढू लागला. एकशे छत्तीस, अठ्ठ्याऐंशी. मग एकशे चाळीस, नव्वद. इंदुताई खरा आकडा सांगायच्या, आणि म्हणायच्या, गोळी घेतोस ना? "हाव आजी, घेतो ना." तो घ्यायचा, पण कशी? रात्रपाळी असली की विसरायचा. मित्रांसमोर काढायची लाज वाटायची. एकोणीस-वीस वर्षांच्या पोरानं म्हाताऱ्यांचं औषध खावं, हे त्याला सहन व्हायचं नाही. इंदुताईंना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना वाटलं, पोरगा गोळी घेतोय आणि तरी चढतंय. म्हणजे औषध पुरत नाही. म्हणजे मुळातच काही घडायचं राहून गेलंय. म्हणजे तो दुधाचा ग्लास.

आणि मग जुलैतला तो रविवार. ठोका एकशे पन्नासला सुरू झाला, अठ्ठ्याण्णवला थांबला. मी स्वच्छ दाखवलं. जितूनं विचारलं, "किती वं आजी?"

इंदुताई म्हणाल्या, "एकशे तीस, चौऱ्याऐंशी. बेस हाये."

मी ताठ उभा होतो. ठोका कुठं लागला ते फक्त इंदुताईंना आणि मला कळत होतं; जितू मोबाइल पाहत होता. मला तोंड असतं तर ओरडलो असतो. इतक्या वर्षांत त्या बाईच्या तोंडून मी खोटा आकडा ऐकला नव्हता. मरणाच्या दारातल्या बाईलाही त्यांनी खरं सांगितलं होतं. त्या दिवशी सगळे गेल्यावर त्या मला समोर घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, "पुढच्या इतवारी सांगतो त्याले. उगाच टेन्शन घेते पोरगं."

पुढचा रविवार आला. एकशे चौपन्न, शंभर. इंदुताई म्हणाल्या, "एकशे तीस." त्याच्या पुढचा आला. असे किती रविवार गेले, मी मोजले नाहीत. त्यांना त्याच्या दंडावरचा आकडा बोलवतच नव्हता. तो आकडा म्हणजे त्यांच्यावरचाच आरोप होता. मी त्यांना दोष देऊ की त्यांची कीव करू, मला आजही ठरवता येत नाही.

आणि जितूनं सरळ हिशोब केला. आजी म्हणते बीपी बरोबर आहे, आजी कधी खोटं बोलत नाही, मग गोळी काहून खाऊ? त्यानं गोळी सोडून दिली.

जानेवारीत, कंपनीत, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत त्याच्या हातातून डबा पडला. मित्र हसले. तो काहीतरी बोलायला गेला, जीभ वळली नाही, आणि तो खाली बसला. कंपनीच्या डॉक्टरनं मोजलं तेव्हा वरचा आकडा दोनशे चारवर होता. मेंदूत रक्तस्राव झाला होता.

जगला तो. अठरा दिवस दवाखान्यात होता. बोलणं परत आलं, पाय थोडा ओढत का होईना चालू लागला. उजव्या हाताची बोटं मात्र मिटत नव्हती. फिटरचा हात तो. साधा पाना धरता येईना.

हर्षा खाप्याहून येऊन दवाखान्यातच राहिली होती. कपडे घ्यायला घरी आली, तेव्हा तिला जितूच्या बॅगेत गोळ्यांची भरलेली पाकिटं सापडली, एकही गोळी न काढलेली. ती ती पाकिटं घेऊन ओसरीवर आली. इंदुताई माझ्याशेजारी बसल्या होत्या.

"आई, यानं तं गोया खाल्ल्याच नाहीत वं! म्या आत्ता फोनवर विचारलं त्याले. म्हणते, आजीचा आकडा बरोबर येऊन राहिला होता, म्हणून सोडल्या. मंग एकाएकी दोनशे कसं झालं?"

इंदुताईंनी पाकिटांकडे पाहिलं. एकेक उलटून पाहिलं. मला वाटतं, औषध पुरत नव्हतं असं नाही, तो घेतच नव्हता, हे त्यांना तेव्हा कळलं. एकदा जरी खरं सांगितलं असतं, तर पोरगा घाबरून दुसऱ्या दिवसापासून गोळी घ्यायला लागला असता.

मग त्यांनी सगळं सांगितलं. वाटी, दूध, लोहाची गोळी, प्रेमानंद काय म्हणाले, आपण त्यांना काय सांगितलं. आणि जुलैपासूनचे आकडे. एकेक खरा आकडा त्यांना तोंडपाठ होता.

हर्षा उभीच होती. आधी ती रडली, मग डोळे पुसले. म्हणाली, "दुधाचं जाऊ दे आई. तुले माहीत नव्हतं, मलेही माहीत नव्हतं. अन् त्यानंच झालं का नाही, हे डॉक्टरलेही सांगता येत नाही. त्यासाठी म्या तुले एक शब्द बोलणार नाही." मग तिनं विचारलं, "पण आकडा काहून खोटा सांगतला वं? तो तं तुले दिसून राहिला होता."

इंदुताईंनी माझं झाकण लावून टाकलं. 

हर्षानं जितूला सगळं सांगितलं आणि ती त्याला खाप्याला घेऊन गेली. जाताना इतवारीच्या बाजारातून एक डिजिटल मशीन विकत घेतलं. मला कोणी विचारलं नाही, आणि विचारू नयेच.

त्यानंतर ओसरी बंद झाली. रविवारी माणसं यायची, फाटकाशी उभी राहायची. इंदुताई आतून सांगायच्या, "दुसरीकडं मोजा आता. माह्या तोंडचा आकडा नका ऐकू." जयवंताबाई दोनदा भांडल्या, तरी ऐकलं नाही. मी लोखंडी कपाटावर गेलो, जुन्या वर्तमानपत्रांशेजारी. खाली इंदुताईंचं हळू चालणं ऐकू यायचं. त्यांचं स्वतःचं बीपी किती झालंय, हे त्यांनी एकदाही मोजलं नाही.

पाच महिन्यांनी, एका रविवारी फाटक वाजलं. जितू. एकटाच, खाप्याहून बसनं आलेला. पाय ओढत ओसरीवर चढला आणि पाटावर बसला. "काढ वं आजी ते तुहं मशीन."

"नको रे बाबा. माह्याच्यानं नाही होत आता."

"काढ म्हणतो ना. एवढ्या दूर बसच्या धक्क्यानं आलो मी."

इंदुताईंनी मला खाली घेतलं, धूळ पुसली. पट्टा बांधला. त्यांनी फुगा दाबला. मी जीव तोडून उभा राहिलो. पारा उतरला. जितूनं या वेळी मोबाइल काढला नाही, तो आजीच्या तोंडाकडे पाहत होता.

"एकशे अडतीस," इंदुताई म्हणाल्या. "अठ्ठ्याऐंशी."

 जितूनं डाव्या हातानं पिशवीतून डिजिटल मशीन काढलं, दातांनी ओढून पट्टा नीट बसवला आणि बटण दाबलं. ते गुरगुरलं. इंदुताई मांडीवर हात ठेवून बसून राहिल्या. परीक्षेचा निकाल लागणाऱ्या पोरीसारख्या. एकशे एक्केचाळीस, एकोणनव्वद.

"बराबर हाये आजी," जितू म्हणाला.

त्यानं हे प्रेमानंच म्हटलं. पण इंदुताईंनी पदर तोंडाला लावला. सारं आयुष्य लोकांचे आकडे सांगण्यात गेलं, आणि त्यांच्या शब्दावर न जाता कोणी त्यांचा आकडा दुसऱ्या मशीनवर ताडून पाहिला, असं त्या दिवशी पहिल्यांदा झालं. तेही नातवानं.

आता तो दर रविवारी येतो. गोळी नेमानं घेतो. आधी आजीला मोजायला लावतो, आजी आकडा सांगते, मग पिशवी उघडतो. रागावत नाही, टोमणा मारत नाही. पण पिशवी उघडतो.

मध्यंतरी आरोग्य खात्याची एक मुलगी घरी आली होती. म्हणाली, पाऱ्याची मशीनं आता वापरायची नसतात, पारा विषारी असतो, जमा करून टाका. बरोबरच बोलली ती. माझं वयही झालं आहे. इंदुताईंनी तिला चहा दिला आणि म्हणाल्या, "माह्या नातवानं ते दुसरं मशीन आणणं बंद केलं ना, त्या दिवशी घेऊन जा याले. तोवर राहू दे."

वाचकहो, तुमच्या घरात कोणाला ती गळ्याची गोळी असेल, तर ती नुसत्या पाण्यासोबत द्या आणि दूध, लोह, कॅल्शियम नंतर. माझ्यासारख्याचा आकडा कितीही वाईट असो, ज्याचा आहे त्याला सांगा. एवढं ऐकलंत तरी खूप झालं.

आणि माझ्यासाठी काही मागायचंच असेल, तर एवढं मागा, की मला न्यायला ती मुलगी लवकर यावी.